मेलेली माती भांडत नाही

समजा, तुमच्यासमोर पाच किलो ओली माती ठेवली आहे आणि ती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पाडायची आहे. ओली म्हणजे चिखल नाही. मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा, इतपत ओली. चाळणी हळू हलवलीत तर मातीच्या गोळ्या होऊन नुसत्या फिरत राहतात. जोरात हलवलीत तर ती जाळीला लिंपली जाते. तळव्याने घासायला परवानगी आहे, पण बेताने. दगड आणि मुळं बाजूला काढायची, गांडूळ सापडलं तर त्याला बागेत सोडून यायचं. आणि काहीही झालं तरी माती वाळू द्यायची नाही, कारण या मातीत राहणाऱ्यांना पाण्याशिवाय जगता येत नाही.

मी हे एकदा करून पाहिलं. अख्खी दुपार गेली. शेवटी चाळणीखाली दीड किलो माती होती. उरलेली माझ्या बाहीवर, भुवयांत आणि जमिनीवर होती.

आमच्या प्रयोगशाळेत हे काम ज्या करतात त्यांना सगळे चाळणताई म्हणतात. पाच किलोला त्यांना दीड तास लागतो. मधे त्या दोनदा चहा पितात.

एकोणीस वर्षांपूर्वी त्या काचसामान धुवायला म्हणून लागल्या. शिक्षण बारावी नापास. तेही त्या आपणहून सांगतात. "दुसरं कोणी सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. चवीने सांगणाऱ्यांची तोंडं बंद होतात." मातीचं काम करणारा माणूस सोडून गेला तेव्हा तेव्हाच्या प्रमुख बाईंनी त्यांना विचारलं, जमेल का? ताईंनी विचारलं, मातीत आहे काय एवढं? बाईंनी चमचाभर माती त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "या चमच्यात जगात माणसं नाहीत इतके जीव आहेत." ताईंनी हात हलवला नाही. "सांडलं तर पाप लागेल असं वाटलं," त्या म्हणतात.

आमचं काम काय, तेही सांगते. एखादी कंपनी नवं औषध बनवते, पिकावर मारायचं. ते मातीत उतरणारच. तिथले सूक्ष्मजीव त्याने मरतात का, निदान कामं सोडतात का, हे बाजारात जाण्याआधी तपासावं लागतं. म्हणून चाळलेल्या मातीचे भाग करायचे. काहींत औषध घालायचं, काहींत नाही. औषध नसलेल्या भागाला आम्ही कंट्रोल म्हणतो. सगळ्यांना सारखंच जेवण द्यायचं, म्हणजे लसूणघास या हिरव्या चाऱ्याची वाळवलेली पूड. सगळे डबे वीस अंशांच्या अंधाऱ्या खोलीत अठ्ठावीस दिवस ठेवायचे. सूक्ष्मजीव ती पूड खातात आणि तिच्यातल्या नत्राचं नायट्रेट करतात. नायट्रेट किती झालं यावरून कोणी किती काम केलं ते कळतं. अठ्ठाविसाव्या दिवशी औषधाचे डबे कंट्रोलपेक्षा पंचवीस टक्क्यांहून जास्त मागे नसतील, तर औषध पास.

या कामाच्या मूळ नोंदींवर ताईंची सही कधीच नसायची. चाळणार ताई, डबे भरणार ताई, नमुने काढणार ताई, आणि सही करणार कोणीतरी पदवीवाला. यंदा आमच्या आताच्या प्रमुख मॅडमनी वरपर्यंत पत्रं लिहून ताईंना सहीचा अधिकार मिळवून दिला. त्यांच्या नावाचा शिक्का आला. ताईंनी तो उलटसुलट करून पाहिला, कोऱ्या कागदावर एकदा उमटवला आणि कपाटात ठेवला. "पहिल्या खऱ्या कामावरच मारीन," म्हणाल्या.

ते पहिलं खरं काम म्हणजे एक नवं बुरशीनाशक. आणि त्याची माती तयार करायच्या आठवड्यातच ताईंच्या मुलीला दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या. ताई रजेवर गेल्या. माती चाळून डबे भरायचं काम वजनकाकांकडे आलं.

वजनकाका आमचे जुने रसायनतज्ज्ञ. तराजूच्या खोलीत बसतात, दशांशाच्या चौथ्या अंकापर्यंत वजन करतात आणि कोणी दार जोरात लावलं तर दिवसभर बोलत नाहीत. ताईंपेक्षा तीनच वर्षांनी मोठे, पण ताई त्यांना काका म्हणतात आणि ते ताईंना ताई. एकोणीस वर्षं दोघं डबा एकत्र खातात आणि एकोणीस वर्षं काका सांगतात की जीवशास्त्र हे शास्त्र नाही, अंदाज आहे.

ताई आठवड्याने परतल्या. नातीचे फोटो सगळ्यांना दाखवून झाले. सातव्या दिवशी त्यांनी डबे उघडून नमुने काढले, मग चौदाव्या. अर्क काढून ते गोठवून ठेवायचे आणि शेवटी सगळे एकदम मोजायचे, अशी आमची पद्धत. त्यामुळे मधे आकडे कोणालाच दिसले नाहीत. ताईंना डबे उघडताना मातीचा नेहमीचा वास न आल्याचं खटकलं होतं. पण घरी तान्हं बाळ, डोळ्यांवर झोप. "म्हटलं, आपलंच नाक चोंदलंय."

अठ्ठाविसाव्या दिवसानंतर आकडे माझ्याकडे आले. तुलना करणं आणि अहवाल लिहिणं माझं काम. कंट्रोलमध्ये नायट्रेट किलोला एकोणतीस मिलिग्रॅम, औषधाच्या डब्यांत अठ्ठावीस. फरक साडेतीन टक्के! कंट्रोलचे डबे एकमेकांशी पंधरा टक्क्यांच्या आत जुळायला हवेत असा नियम आहे. आमचे दोन टक्क्यांत जुळत होते. मी इतके सुंदर आकडे पाहिले नव्हते. "परिणाम आढळला नाही" असं लिहून मी पानं ताईंपुढे ठेवली आणि शिक्का आणायला स्वतः कपाटाकडे गेले.

ताई पानाकडे बघत बसल्या होत्या.

"पहिल्या दिवशी किती होतं?"

"कंट्रोलमध्ये? चोवीस."

"आणि अठ्ठावीस दिवसांनी एकोणतीस. चार आठवड्यांत पाच मिलिग्रॅम? एवढं तर हे जीव दोन दिवसांत करतात."

"पण ताई, डबे किती जुळतायत बघा की."

"जुळणारच. मेलेली माणसं कधी भांडताना पाहिलीस?"

त्या उठल्या, अंधाऱ्या खोलीतून कंट्रोलचा एक डबा आणला आणि दिव्याखाली उघडला. चमच्याने माती पसरली. लसूणघासाची पूड जागोजागी तशीच दिसत होती, हिरवट, न कुजलेली, वर थोडी पांढरी बुरशी.

"बघ. पाहुणे जेवलेच नाहीत. ताट वाढलेलं तसंच आहे," ताई म्हणाल्या. "मी सही करणार नाही."

मॅडम कामाच्या गर्दीत होत्या. अहवाल शुक्रवारी द्यायचा होता आणि तो सोमवार होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि शांतपणेच म्हणाल्या, "ताई, नियमात बसतंय. काही माती मुळातच अशक्त असते."

"त्याच शेताची माती मी तीनदा वापरलीये. अशक्त नाहीये ती. पैलवान आहे."

"मग मेली कशी? खोली तुमच्या ताब्यात, डबे तुमच्या ताब्यात. हे मी वर लिहायला गेले तर पहिला प्रश्न तुमच्यावरच येईल. सहीचा अधिकार मिळून महिना झालाय. मी तो किती भांडून आणलाय हे तुम्हाला माहितीये."

"म्हणूनच तर," ताई म्हणाल्या.

मॅडमनी त्यांना गुरुवार सकाळपर्यंत वेळ दिला. तोवर काही सिद्ध झालं तर ठीक, नाहीतर सही दुसऱ्या कोणाची घेतली जाईल आणि अहवाल जाईल. त्याचा अर्थ सरळ होता. औषध निरुपद्रवी म्हणून बाहेर पडेल आणि ताईंचा शिक्का कपाटातच राहील, बहुधा कायमचा.

घरचं मला ताईंनी नंतर सांगितलं. त्यांचे यजमान बस दुरुस्तीच्या कारखान्यात वीजतंत्री आहेत. ते नातीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत म्हणाले, "एकोणीस वर्षं सही दे, सही दे करत होतीस. दिली तर आता नको. लग्नालाही असंच केलं होतंस. हो म्हणायला दीड वर्ष."

"तेव्हाही नीट तपासून घेतलं होतं."

"आणि काय निघालं?"

"पंचवीस टक्क्यांच्या आत बसलात."

मुलगी हसली, बाळ दचकून रडायला लागलं आणि विषय तिथेच राहिला. पण यजमानांनी दिवा मालवताना एवढंच म्हटलं, "तार जिवंत आहे की मेलेली, हे आम्ही बोलून ठरवत नाही. टेस्टर लावतो."

मंगळवारी सकाळी ताईंनी सहा बरण्या धुऊन मांडल्या. तीन बरण्यांत प्रयोगातली कंट्रोलची माती. उरलेल्या तीनांत त्याच शेताची, त्याच दिवशी आणलेली, पण कोल्ड रूममध्ये न वापरता राहिलेली माती, आदल्या संध्याकाळी बाहेर काढून, चाळून घेतलेली. दोन्हींत थोडी साखर. प्रत्येक बरणीत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची एक छोटी कुपी उभी केली आणि झाकणं घट्ट लावली. आत कोणी जिवंत असेल तर तो साखर खाईल, श्वास सोडेल, आणि तो श्वास कुपीतला सोडा शोषून घेईल. जितका श्वास जास्त, तितका सोडा कमी उरेल. सोपी युक्ती आहे, जुनी आहे, आणि हिच्यापुढे कोणाचा हुद्दा चालत नाही.

बुधवारी सकाळी बरण्या उघडल्या. मी शेजारी उभी होते. वजनकाकाही आले होते, हात मागे बांधून. ताईंनी कुपीत रंगद्रव्याचा थेंब टाकला, द्रावण गुलाबी झालं, आणि वरच्या नळीतून आम्ल थेंबथेंब सोडायला लागल्या. सगळा सोडा संपला की गुलाबी रंग जातो.

कोल्ड रूमच्या मातीची कुपी आठ मिलिलीटरला रंगहीन झाली. दुसरी साडेआठला. तिसरी पुन्हा आठला. मग प्रयोगातल्या कंट्रोलची. आठ झाले, दहा झाले, पंधरा झाले. रंग गुलाबीच. सतराव्या मिलिलीटरला कुठे उतरला. पुढच्या दोन्ही तशाच.

"रिकाम्या बरणीला किती लागतं?" काकांनी विचारलं.

"अठरा. ती आधीच करून पाहिलीये," ताई म्हणाल्या.

म्हणजे आत अगदीच कोणी नव्हतं असं नाही, पण जे होते ते जेमतेम श्वास घेत होते. आम्ही अठ्ठावीस दिवस स्मशानात हजेरी घेत होतो.

आता उरला मॅडमचा प्रश्न. मेली कशी? ताईंनी आपलंच सगळं उकरून काढलं. खोलीचं तापमान, डब्यांची झाकणं, पाण्याच्या बाटल्या. कुठे चूक नव्हती. दुपारी त्यांनी माती तयार केल्याच्या दिवसाची नोंदवही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबल्या. मग वही घेऊन तडक तराजूच्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग.

"काका, किलोभर मातीला पाणी दोनशे मिली घातलंत?"

"दोनशे. दशांश शून्य. का?"

"मी पन्नास घालते."

"कारण तुमची माती आधीच ओली असते. माझी पूर्ण कोरडी होती."

"कोरडी कशी झाली?"

"कशी म्हणजे? वाळवली." काकांना प्रश्नच कळला नव्हता. "ओव्हनमध्ये. एकशे पाच अंश, रात्रभर. अहो, ओली माती चाळणीतून पडते होय! तुम्ही खांद्याला शेक घेता ते मी बघतो रोज. म्हटलं, थोडी जास्तच चाळून ठेवू, आल्यावर ताईंना त्रास नको. पिठासारखी पडली. एक कण अडकला नाही."

ताई स्टुलावर बसल्या. "काका, भाजलीत हो तुम्ही ती."

काका आयुष्यभर तेच करत आले होते. रसायनवाल्याच्या हातात काहीही द्या, तो आधी ते वाळवतो, कारण पाण्याचं वजन त्याला खपत नाही. लपवलंही काही नव्हतं. घातलेला एकेक मिलिलीटर त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवला होता, आणि त्याच प्रामाणिकपणामुळे ते सापडले होते.

"म्हणजे मी..." काका म्हणाले आणि थांबले. मग हळूच, "सगळे?"

"बहुतेक सगळे. आणि वरून आपण मेलेल्यांना विष पाजलं आणि म्हणालो, बघा, यांना काहीच झालं नाही."

मला वाटलं आता भांडण होणार. काकांनी तराजूचं काचेचं दार हळूच लावलं, अॅप्रनची बटणं लावली आणि म्हणाले, "चला. मॅडम जागेवर आहेत का बघू. हे तुम्ही सांगायचं नाही. मी सांगणार. जीवशास्त्र हा अंदाज आहे असं मी म्हणायचो, तेही मागे घेतो."

"लेखी द्या."

"तुमच्या शिक्क्यासकट."

मॅडमनी काकांचं ऐकलं आणि बरण्यांचे आकडे पाहिले. मग फोन उचलून कंपनीला सांगितलं की प्रयोग रद्द करून पुन्हा करत आहोत, चूक आमची आहे, आणि अहवाल उशिरा मिळेल. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, ते आम्हाला टेबलाच्या अलीकडेही ऐकू येत होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हो, आमच्या तंत्रज्ञ बाईंनी सही नाकारली. नाही, त्यांना समजावण्याचा माझा विचार नाही."

ताईंनी खाली बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दुसरा प्रयोग त्यांनी सुरुवातीपासून स्वतःच्या हाताने केला. फक्त चाळायला काका बसले! खांदा तुमचा, हात माझे, म्हणत त्यांनी तीन दुपारी ओली माती चाळली आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या चष्म्याच्या काड्यांपर्यंत माती पोचली. ताई शेजारी बसून सूचना देत होत्या. "दाबू नका. कुरवाळा. अहो, कुरवाळा म्हटलं, मालिश नाही."

सातव्या दिवशी डबा उघडला तेव्हा ताईंनी आधी मला वास घ्यायला लावला, मग काकांना. या वेळी नाक चोंदलेलं नव्हतं. चौदाव्या दिवशी कंट्रोलमध्ये पूड शोधावी लागत होती. औषधाच्या डब्यांत ती शोधावी लागत नव्हती. ताईंनी ते पाहिलं, पण आकडे येईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

अठ्ठाविसाव्या दिवसाचे आकडे आले. कंट्रोल एकवीसवरून एकशे बारावर गेलं होतं. मी कागद हातात घेऊन तशीच त्यांच्या खोलीत पळाले. "एकशे बारा!" मी ओरडले.

"पैलवान म्हटलं होतं ना? औषधाचे?"

"त्रेसष्ट."

मी तुलना पुन्हा एकदा केली, मग कॅल्क्युलेटरवर केली, मग काकांनी कागदावर केली. चव्वेचाळीस टक्के कमी. कंट्रोलचे डबे आता नऊ टक्क्यांनी एकमेकांशी भांडत होते, आणि तेही नियमात बसत होतं. जे औषध साडेतीन टक्क्यांनी निर्दोष सुटत होतं, ते मातीतलं जवळजवळ अर्धं काम बंद पाडत होतं, आणि हे जगात सगळ्यात आधी कळलं ते बारावी नापास बाईंच्या त्या खोलीत.

काकांनी टाळ्या वाजवल्या. तराजूच्या खोलीजवळ, इतक्या जोरात, की आम्हीच त्यांना गप्प केलं.

पंचवीस टक्क्यांच्या वर गेलं की प्रयोग थांबवता येत नाही. शंभर दिवसांपर्यंत चालवावा लागतो. मधल्या काळात कंपनीचा माणूस स्वतः आला. फोनवर मोठ्याने बोलणारा तोच. त्याने कंट्रोलच्या नोंदी पान न् पान पाहिल्या, ताईंना पंधरा-वीस प्रश्न विचारले आणि प्रत्येकाचं उत्तर घेतलं. जाताना म्हणाला, "आम्ही मात्रा कमी करून पुन्हा पाठवतो. आणि बाई, पुढच्याही वेळी तुम्हीच करा." ताई म्हणाल्या, "करीन. पण घाईत नाही."

शंभराव्या दिवशी औषधाच्या डब्यांतलं काम पुष्कळ सावरलं होतं. कंट्रोलच्या सतरा टक्के मागे, म्हणजे मर्यादेच्या आत. परिणाम मोठा, पण भरून निघणारा, असा निकाल झाला. मी अहवाल लिहिला. औषधाने काय बिघडवलं ते सगळं त्यात होतं, पहिल्या प्रयोगाची आणि ओव्हनची गोष्टही होती, काकांच्या आग्रहावरून त्यांच्या नावासकट.

मॅडमच्या टेबलावर पानं ठेवली. ताईंनी शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा टेकवला आणि एकेका पानावर मारून त्याखाली पूर्ण नाव लिहीत गेल्या. नावाची बावीसच्या बावीस अक्षरं झाल्यावरच पेन उचलायचं असा त्यांचा बाणा. काका दारात उभे राहून पानं मोजत होते. मॅडमनी स्वतः उठून खिडकी लावली, वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून.

शेवटच्या पानावर ताईंचा हात थांबला.

"आता काय, ताई?"

"हे तू लिहिलंयस. 'सूक्ष्मजीवांचे कार्य पूर्ववत होत आहे.'"

"चूक आहे?"

"चूक नाही. करते सही." त्यांनी केली. शिक्का मारला, फुंकर घातली आणि पान माझ्याकडे सरकवलं. पण बोट त्या ओळीवरच होतं. "काम परत आलं हे दिसतंय. पण करणारे कोण? जे आजारी पडले होते तेच बरे होऊन उठले, की ते कायमचे गेले आणि त्यांच्या रिकाम्या घरात दुसरेच कोणी येऊन राहिले? नायट्रेट मोजून हे कसं कळणार गं?"